तुझ्या पाणी ऐकणाऱ्या पोरीविषयी

खानापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीची पहिली 3 प्रकरणं दोनदा वाचली. जमिनीखालचं पाणी ऐकू येणारी पोरगी आपल्या मातीतलीच वाटते. तळहातावर नारळ धरून विहिरीची जागा सांगणारा पाणाड्या इथं कुणाला ठाऊक नाही? त्यामुळे वाचक पहिल्या पानापासून तिच्या मागं येतो. अडतं ते पुढं. तिची देणगी एकीकडं राहते नि तिचं दुःख दुसरीकडं. पाणी ऐकू येतं, आणि शिवाय ती गणितात नापास होते. ही दोन्ही एकाच मुळातून यायला हवीत बघ. तिचा वर्ग बुजवलेल्या आडावर बांधलाय असं धर. बाई फळ्यावर अपूर्णांक मांडतायत आणि हिच्या पायाखाली पाणी घुमतंय. छेद ऐकू येतो, अंश निसटतो. मग ती नापास का होते, हे तुला वेगळं सांगावं लागणार नाही.

देणगीचे नियम आधी कागदावर उतरव: किती हात खोलवरचं ऐकू येतं, कशानं बंद पडतं, ऐकल्यावर तिचं काय जातं, आणि काय कधीच जमत नाही. आत्ता पहिल्या प्रकरणात तिला अंगणातला आड कळतो आणि तिसऱ्यात कोसभर लांबची नदी. मधे काहीच घडलेलं नाही. अशानं वाचकाची धास्ती जाते. संकट आलं की तो म्हणणार, ऐकेल की ती! ‘ती दमली’ एवढी किंमत पुरत नाही, दमणूक झोपेनं जाते. त्याऐवजी दर वेळी खोल ऐकलं की एका माणसाचा आवाज तिला कायमचा ऐकू येईनासा होऊ दे. आधी शेजारच्या काकूंचा, मग मैत्रिणीचा. आजीचा तेवढा शेवटापर्यंत राखून ठेव. शेवटी तिची शक्ती एकाएकी दुप्पट करायची पाळी येणार नाही.

वाट तर तुझ्या दारातून जाते. मलप्रभा कणकुंबीला उगवते, आपल्या गावावरून पूर्वेला वळते, सौंदत्तीजवळ नविलतीर्थाच्या धरणात अडते आणि पुढं कूडलसंगमाला कृष्णेला मिळते. पोरीला तिच्या काठाकाठानं चालव. इकडचा जांभा सच्छिद्र. पावसाचं पाणी भराभर मुरतं, विहिरी तुडुंब होतात आणि उन्हाळ्यात तशाच लवकर तळ गाठतात. म्हणजे इथं तिचे कान ऋतूप्रमाणं चालणार. पूर्वेला काळी माती. ती भिजली की फुगते, भेगा मिटतात, पाणी खाली उतरत नाही. तिथं आवाज घोंगडीखालून आल्यासारखा यावा. आणि धरणाशी आल्यावर अडवलेलं पाणी एकदम गप्प. जन्मात पहिल्यांदा तिला शांतता मिळते, ती आवडते, आणि आवडली म्हणूनच ती घाबरते. कादंबरीचा मध्य इथंच आहे. 2,000 शब्दांचं एक, अशी 25 प्रकरणं धरलीस तर हे तेरावं. त्याला मात्र खुशाल 4,000 शब्द दे, घाई करू नकोस.

ते जटाधारी गुरुजी काढून टाक. सगळी उत्तरं त्यांच्याकडं असली की तिला चुकायला जागाच उरत नाही. तिला एक तरी विहीर चुकीची सांगू दे. ती खणायला एखाद्यानं बैलजोडी विकलेली असू दे. खाली नुसता कातळ लागतो, आणि रोज संध्याकाळी ती त्या घरावरून जाते तेव्हा गोठ्यातली रिकामी दावणी तिला दिसते. तिथं तिच्या मनातलं काही लिहू नकोस, दावणीच लिही.

आजीशी ती मराठी बोलते, मैत्रिणीशी कन्नड. तू कन्नड वाक्यांचा अर्थ लगेच पुढं सांगतेस, त्यानं संवाद अडखळतो. मैत्रीण ‘नीरु’ म्हणत तांब्या पुढं करते, एवढं पुरे.

चौथं प्रकरण झालं की हातानं लिहिलेलंच पाठव. समास चार बोटं सोड, मला खुणा करायला जागा लागते.

तुझी,
आई