समुद्र डाव्या हाताला

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या मार्चमधल्या पत्राला नोव्हेंबरात उत्तर देतो आहे, तेव्हा काय म्हणायचे ते म्हण. गुडघा बरा आहे, रक्तदाब गोळीच्या ताब्यात आहे, घरी सगळे ठीक. प्रकृतीचा विषय इथेच संपला, कारण आज जे लिहायचे आहे ते प्रकृतीचे नाही आणि तुझ्याशिवाय दुसऱ्या कोणाला सांगण्यासारखेही नाही.

गेल्या रविवारी मी सायकल हातात धरून एक उतार चालत उतरलो. उतार तरी कसला, दीड किलोमीटरचा, जेमतेम पाच टक्क्यांचा, नव्या डांबराचा रिकामा रस्ता. चढताना मी मजेत होतो. माथ्यावर पाणी प्यायलो, जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली, निघालो, आणि पहिल्याच वळणाशी बोटे ब्रेकवर अशी आवळली गेली की सोडू म्हणता सुटेनात. मागचे चाक किंचाळायला लागले. मी थांबलो, उतरलो, आणि सायकलचे ते टणक तळव्यांचे बूट टकटक वाजवत पायथ्यापर्यंत आलो. घरी सांगितले की चाक पंक्चर झाले होते. अण्णांनी लगेच विचारले की पंक्चर काढायचे सामान तर पिशवीत होते ना. मी म्हणालो, पंप बिघडला. परिणामी एक धडधाकट पंप सध्या माळ्यावर पडून आहे आणि मला नवा घ्यावा लागला आहे.

एरवी मी हे गिळून टाकले असते. पण एप्रिलमध्ये सायकली घेऊन इटलीच्या किनाऱ्यावरच्या लिगुरिया प्रांतात जायचे ठरते आहे, आखणी माझ्याकडे आहे, आणि तू लिहिले होतेस की आखणी पाहून येण्याचे ठरवीन. ती आज पाठवतो आहे. मात्र तू ती वाचायला लागलास की दुसऱ्या मिनिटाला माझी लबाडी पकडशील, म्हणून ती मीच आधी सांगून टाकतो.

आखणीत लिहिले आहे की आपण किनाऱ्याने पूर्वेकडून पश्चिमेकडे, म्हणजे अलासिओच्या बाजूने सानरेमोकडे, सायकल चालवायची. कारण म्हणून मी ‘शर्यतीची दिशा’ असे मोठ्या दिमाखात नोंदवले आहे. मिलान-सानरेमो ही शर्यत १९०७ पासून याच रस्त्याने येते, सुमारे तीनशे किलोमीटर धावून शेवटी कापो मेले, कापो चेर्वो आणि कापो बेर्ता ही समुद्रात घुसलेली तीन टेकाडे ओलांडते, मग चिप्रेस्सा आणि पोज्जो चढून सानरेमोत उतरते. हे सगळे खरे आहे आणि मंडळींना फार आवडले. मास्तरांनी तर एडी मेर्क्स या नामवंत सायकलपटूने ती सात वेळा जिंकल्याचे सांगून टाळ्या घेतल्या. खरे कारण मात्र एवढेच आहे की इटलीत वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, आणि पश्चिमेकडे तोंड करून निघाले की समुद्र डाव्या हाताला राहतो. म्हणजे कडा, कठडा आणि खालचे पाणी हे सारे रस्त्याच्या पलीकडे, आणि माझ्या बाजूला भक्कम डोंगर. उलट दिशेने गेलो असतो, तर प्रत्येक वळणावर माझे हँडल त्या कठड्यापासून दोन हातांवर आले असते. अख्ख्या आठवड्याचा प्रवास मी या एका गोष्टीभोवती बेतला आहे, आणि इतिहासाचा मुलामा तिला नंतर दिला आहे.

एप्रिल का, याचे कारण मात्र प्रामाणिक आहे. मागे आल्प्सची भिंत असल्याने उत्तरेचा गारठा तिथे अडतो आणि हिवाळाही सौम्य असतो. ऑक्टोबरही उबदार असतो, पण तिथला शरद ऋतू पावसाच्या बाबतीत बेभरवशाचा आहे. २०११ च्या २५ ऑक्टोबरला त्याच प्रांताच्या पूर्वेकडच्या गावांमध्ये चिखलाचे लोट घुसले होते. ऑगस्टमध्ये किनाऱ्याच्या ऑरेलिया रस्त्यावर मोटारींची रीघ असते. त्यामुळे एप्रिल, आणि तोही आठवड्यातले कामाचे दिवस.

पहिला दिवस मला मनापासून आवडतो. किनाऱ्यालगतचा जुना एकेरी रेल्वेमार्ग २००१ मध्ये बंद झाला आणि गाड्या आतल्या बाजूच्या नव्या मार्गाने जाऊ लागल्या. जुन्या मार्गावर आता सान लोरेंझो अल मारेपासून ओस्पेदालेत्तीपर्यंत २४ किलोमीटरची सायकलवाट आहे. वाफेच्या इंजिनाला झेपेल असा चढ काढणारे ते लोक किती दयाळू होते, हे या वयात कळते. सानरेमो आणि ओस्पेदालेत्ती यांच्यामध्ये पावणेदोन किलोमीटरचा बोगदा लागतो, आणि त्याच्या भिंतींवर या शर्यतीचा इतिहास वर्षावर्षाने मांडला आहे. बोगद्यावरून आठवले, मोटाररस्त्यावरच्या बोगद्यांत सायकलस्वाराने परावर्तक जाकीट घालावे असा तिथला कायदाच आहे. तुझे ते पोपटी जाकीट घेऊन ये. मी त्याला एकदा जे म्हणालो होतो ते मागे घेतो.

दुसऱ्या दिवशी तीन टेकाडे. त्यांतले सर्वांत उंच कापो बेर्ता सुमारे १३० मीटरचे, त्यामुळे उतारही लहान लहान. तिसऱ्या दिवशी सायकलींना विश्रांती देऊन बुस्साना वेक्कियाला पायी चढायचे. १८८७ च्या २३ फेब्रुवारीच्या भूकंपात ते गाव पडले, लोक खाली नव्या गावात राहायला गेले, आणि पुढे त्या पडक्या घरांत चित्रकार येऊन राहिले. चौथ्या दिवशी आर्जेन्तीना नदीच्या खोऱ्यातून आत त्रिओराला जायचे. हे गाव साधारण ७८० मीटरवर आहे, १५८७ ते १५८९ या काळात चेटकिणी म्हणून तिथल्या बायकांवर खटले चालले. येताना तीसेक किलोमीटर उतारच उतार आहे, पण रस्ता नदीच्या कडेकडेने सावकाश खाली येतो, असा माझा नकाशावरून अंदाज आहे. त्या रेषेवर मी किती वेळा बोट फिरवले, ते तुला सांगत नाही.

पाचवा दिवस चिप्रेस्साचा: साडेपाच किलोमीटरांहून थोडा अधिक, सरासरी चार टक्के. चढाची मला धास्ती नाही. पेडलपाशी चौतीस दातांचे चक्र आणि मागच्या चाकालाही चौतीस दातांचे चक्र लावून घेतले आहे, पेडल एकदा फिरले की चाकही एकदाच फिरते, तेव्हा भिंतसुद्धा चढता येईल, फक्त संध्याकाळ होईल.

आणि सहावा दिवस, पोज्जो. सगळे घोडे तिथेच पेंड खाते आहे. कागदावर तो काहीच नाही. ३.७ किलोमीटर, सरासरी चार टक्क्यांच्याही आत, माथा समुद्रापासून १६० मीटरच्या आसपास. शेवट फार सोपा होऊ लागला म्हणून १९६० मध्ये तो शर्यतीत घातला. पण त्याचे सारे नाव चढाबरोबरच उताराने झाले आहे. माथ्यावर टेलिफोनची खोकी आहे, तिथे डावीकडे वळले की दोन्ही बाजूंच्या दगडी भिंतींमधून एकामागून एक मुरड घेत रस्ता शहरात उतरतो. २०२२ मध्ये मातेय मोहोरिच याने तर डोंगरी सायकलींना असते तशी खाली-वर होणारी सीटची दांडी बसवून आणली, बसकण खाली घेतली, आणि त्या उतारावर सुटून शर्यत जिंकली. लोक ज्या उतारावर सायकल अशी सोडून देतात, तिथे तुझा हा मित्र बुटांचे टकटक करत हातात सायकल घेऊन उतरणार, आणि मागून मास्तर टाळ्या वाजवणार.

उतरायचे कसे, ते मला तोंडपाठ आहे. वेग वळणाच्या आधी सरळ रस्त्यावर कमी करावा आणि वळणात ब्रेक सोडावा. हात हँडलच्या खालच्या वाकात ठेवावे, म्हणजे ब्रेकवर जोर येतो आणि अंगाचा भारही खाली जातो. बाहेरचा पाय खाली दाबावा, नजर चाकापुढे न ठेवता वळणाच्या शेवटाकडे ठेवावी. वेग दुप्पट झाला की थांबायला चौपट अंतर लागते, हेही ठाऊक आहे. धाकट्याला हे सगळे मीच शिकवले, आणि आता तो माझ्या पुढे जाऊन खाली वाट पाहतो. माझ्या बोटांना मात्र यातले काही ऐकू येत नाही.

आता मुद्द्यावर येतो.

नऊ वर्षांपूर्वी त्या वळणावर मी पडलो, आणि तेव्हापासून जो भेटेल त्याला सांगत आलो की तू मागून ओरडलास, मी दचकलो, म्हणून पडलो. तू एकदा म्हणालास की मी ‘खडी’ एवढेच ओरडलो होतो, आणि तेही तू घसरायला लागल्यावर. त्यावरून आपण किती दिवस बोललो नाही, ते वहिनींना विचार, त्यांनी मोजले असतील. मग तू वाद सोडून दिलास, आणि मी जिंकलो असे समजलो.

रविवारी मी पायथ्याशी पोहोचून एका दगडावर बसलो आणि हातमोजे काढले. उजव्या हाताच्या पहिल्या दोन बोटांवर ब्रेकच्या दांडीचा खोल पांढरा वळ उमटला होता, नखापासून दुसऱ्या पेरापर्यंत तिरका. तोच वळ मी त्या दिवशी रुग्णवाहिकेत पाहिला होता, अगदी त्याच जागी. आणि मग क्रम आठवला. आधी दांडी हँडलला टेकली, मग पुढचे चाक बाजूला निसटले, मग डांबर जवळ आले, आणि त्यानंतर तुझा आवाज. रविवारी तर तू तिथे नव्हतास. कोणीच ओरडले नाही, आणि बोटांनी तेच केले.

तेव्हा ते माझे मीच केले होते. हे मी अण्णांना आणि मास्तरांनाही सांगणार आहे, पण आधी तुला सांगायला हवे होते. मार्चच्या पत्रात तू त्या प्रसंगाचा साधा उल्लेखही न करता ‘आखणी पाठव’ एवढेच लिहिलेस, आणि म्हणूनच मला आठ महिने उत्तर लिहिता आले नाही.

तुझ्या नव्या घराचे काम कुठवर आले? लेकीची परीक्षा चांगली गेली असे ताईकडून कळले, तिला माझे आशीर्वाद सांग. वहिनींना नमस्कार. नोकरी सोडण्याचे तू जे लिहिले होतेस त्यावर मला पुष्कळ बोलायचे आहे, पण ते भेटीत.

तिकिटे अजून काढलेली नाहीत. तू येणार असशील तर पाच काढीन, नाहीतर मला आधी ठरवावे लागेल की मी तरी जाणार का. आलास तर पोज्जोच्या उतारावर तू माझ्या पुढे राहू नकोस, मागेच राहा. आणि खडी दिसली तर ओरड.

तुझाच,
मी

ता. क. विमानाच्या पेटीत सायकल भरताना पेडल काढावी लागतील. डाव्या पेडलचे आटे उलटे असतात. मागच्या वेळी तू माझा पाना मोडलास, तो मी अजून विसरलेलो नाही, आणि त्या बाबतीत चूक तुझीच होती.