पाचटाचा धूर की फौंड्रीचे रेझिन?

महोदय,

गळीत हंगाम सुरू झाला की निपाणी-चिकोडी भागात संध्याकाळी उसाचे पाचट, म्हणजे तोडणीनंतर उरलेला वाळका पाला, पेटते. माझ्या आईला दमा आहे; त्या दिवसांत आम्ही खिडक्या उघडत नाही.

कारखान्यात उरणारी बगॅस, म्हणजे उसाचे चिपाड, निदान बॉयलरमध्ये जाते, वीज होते. पण या चिपाडात आणि पाचटात याहून मोलाचे काही आहे. वाळलेल्या बगॅसचा साधारण पाव हिस्सा पेंटोसान नावाच्या बहुशर्करेचा (साखळीत जोडलेल्या शर्करेचा) असतो. आम्लाच्या उत्प्रेरकाने (रासायनिक क्रिया घडवून आणणाऱ्या पदार्थाने) त्यापासून फरफ्युरल नावाचे रसायन मिळते. तांब्याच्या उत्प्रेरकावर त्याला हायड्रोजन दिला की फरफ्युरिल अल्कोहोल होते, आणि त्यापासून साच्याची वाळू डिंकासारखी बांधणारे फ्युरान रेझिन. हे रेझिन फौंड्रीला, म्हणजे धातू ओतणाऱ्या कारखान्याला, लागते, आणि बेळगावच्या उद्यमबागेत फौंड्रींची काय कमी! माल इथला, गिऱ्हाईकही इथलेच.

बेळगावात विश्वेश्वरय्या तांत्रिक विद्यापीठ आहे, निजलिंगप्पा साखर संस्था आहे. उत्प्रेरकांवर वर्षानुवर्षे काम करणारी राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा पुण्यात, म्हणजे एका रात्रीच्या प्रवासावर. या तिघांनी कारखाने व फौंड्रीवाल्यांना सोबत घेऊन एक छोटा प्रायोगिक प्रकल्प उभारावा. पाचटातली राख आणि माती उत्प्रेरकाला मारक ठरते, म्हणून चाचणी आपल्याच फडातल्या मालावर व्हायला हवी. सगळे पाचट मात्र उचलू नये, निम्मे तरी सरीत कुजू द्यावे. जमिनीलाही ते हवे असते.

आणि शेतकऱ्याला पाचटाचा दर वजनावर, रोखीने मिळावा. तरच तो काडी ओढायचा थांबेल.

– एक ऊस उत्पादक, निपाणी