खदानीतली आग आणि ‘शॉर्टसर्किट’चा अंदाज

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात आपल्या अंकात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती. आमच्या भागातल्या एका खदानीत कोळसा वाहून नेणाऱ्या बेल्टला रात्री आग लागली, अग्निशमनच्या गाडीने ती विझवली, जीवितहानी नाही, शॉर्टसर्किट झाल्याचा प्राथमिक अंदाज. हा अंदाज मला आता पाठ झाला आहे. जिनिंग जळालं, शॉर्टसर्किट. गोदाम जळालं, शॉर्टसर्किट. वीज काही उठून खुलासा करत नाही, त्यामुळे सगळं तिच्या माथी मारायला सोयीचं पडतं.

मी 29 वर्षं खदानीत फिटर होतो. त्यातली बरीचशी सीएचपीवर गेली. सीएचपी म्हणजे खदानीतून आलेला कोळसा जिथे क्रशरमध्ये फुटतो, बेल्टवरून बंकरला, म्हणजे साठवणीच्या मोठ्या कोठीत, चढतो आणि वाघिणीत भरला जातो ती जागा. तिथल्या ज्या आगी मी पाहिल्या, त्यांपैकी बहुतेकींचं मूळ वायरीत सापडलं नाही. सापडलं ते रोलरमध्ये आणि त्याखाली साचलेल्या कोळशाच्या चुरीत.

बंडीच्या आसाला वंगण नसलं की ती गावभर कुरकुरत जाते. बेल्टखालचा रोलरही तसाच ओरडतो. बेरिंगमध्ये धूळ शिरते, रोलर जाम होतो, वरून बेल्ट घासत राहतो आणि पत्रा तापतो. बंडीला चाकं दोन. बेल्टला रोलर शेकड्यांनी, त्यामुळे एकाचं ओरडणं कुणाच्या कानावर जात नाही. त्यात बेल्टवरून सांडलेली चुरी खाली साचत साचत रिकाम्या बेल्टच्या परतीच्या रोलरला टेकते आणि रोलर त्या भुकटीतच फिरू लागतो. कोळशाची भुकटी पेटायला ज्वाळाच लागते असं नाही. तापलेल्या लोखंडावर तिचा थर बसला, तर दोनशे अंशांच्या थोडं वरही तो धुमसू लागतो. मे महिन्यात आमच्याकडे सावलीतच पारा 45च्या पुढे असतो, मग त्या पत्र्याखाली काय होत असेल!

बाहेरच्या माणसाला खरं वाटणार नाही अशी एक गोष्ट सांगतो. चालत्या बेल्टपेक्षा नुकत्याच थांबलेल्या बेल्टची भीती जास्त. चालता बेल्ट तापलेल्या रोलरवरून पुढे सरकत राहतो, कुठलीही एक जागा फार वेळ भाजत नाही. थांबला की तोच बेल्ट त्याच लाल रोलरवर टेकून राहतो.

वीसेक वर्षांपूर्वी असंच झालं. रात्रपाळी होती. रेक, म्हणजे कोळशाची मालगाडी, भरून झाला, बेल्ट बंद केला आणि आम्ही चहाला बसलो. ठेक्यावरचा झाडलोटीचा एक पोट्टा पळत आला, “काकाजी, टेलकडे रबर जळल्यावानी वास येऊन राह्यला.” टेल म्हणजे बेल्टचं मागचं टोक. जाऊन पाहतो तो चुरीच्या ढिगातून निळसर धूर आणि बेल्टला खालून ज्वाळा. वाळू टाकली, पावडरचे सिलिंडर रिकामे केले. बेल्ट गेला, माणसं वाचली. तो रोलर मी तीन दिवस आधी रजिस्टरात लिहिला होता. पुढे शेरा होता, ‘स्पेअर नाही’. चौकशीच्या कागदावर काय आलं ते आपण ओळखलंच असेल.

वासाचं महत्त्व त्या पोट्ट्याला कुणी शिकवलं नव्हतं. खदानीत उतरण्याआधी कामगाराला प्रशिक्षण द्यावं, हा नियम 1966पासून आहे आणि त्यातून ठेक्यावरचा माणूस सुटलेला नाही. पण झाडू-घमेल्याला प्रशिक्षण कशाला, असं समजणारे मुकादम मी खूप पाहिले. सीएचपीवर आग टाळण्याचं अर्धं काम त्या घमेल्यातच असतं.

वर्धा खोऱ्यातला कोळसा आपोआपही तापतो. ओलं कुटार गंजीत रचलं की ते आतून तापतं, हे आपल्या कुठल्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. कोळशाची कारणं वेगळी, तो हवेतला प्राणवायू शोषून तापत जातो, पण फसगत तशीच होते. रेल्वे सायडिंगवरचे ढीग भरपावसात धुमसतात ते यामुळेच. उघड्या ढिगाचा धूर निदान दिसतो. बंकरच्या कोपऱ्यात महिनोन्महिने चिकटून बसलेला कोळसा दिसत नाही.

स्फोटाचं गणित वेगळं. बंद जागा हवी, हवेत धूळ हवी आणि ठिणगी हवी. क्रशर हाउस, बंकर, ढिगाखालचा बोगदा इथे पहिल्या दोन गोष्टी आयत्याच असतात. ठिणगी बहुतेक वेळा आपणच नेतो, कोळसा खाली घसरतो त्या पत्र्याच्या च्युटला भोक पडलं म्हणून गॅस कटर घेऊन चढतो आणि आतली धूळ धुतलेली नसते. आग दिसली की घाबरून पाण्याचा जोरदार झोत मारायचा, हीसुद्धा चूकच. थर उडतो, धुळीचा ढग होतो आणि धुमसणाऱ्या कोपऱ्याचा भडका उडतो. तिथे पाणी हवं, पण तुषारासारखं, हलकं. ट्रान्सफॉर्मरखाली गळालेलं तेल आणि कॉम्प्रेसरच्या गरम पाइपात साचलेला तेलाचा काजळथर यांच्याबद्दल लिहायला जागा पुरणार नाही. एवढंच की दोन्ही साफ करता येतात.

इंग्लंडमध्ये क्रेसवेलच्या खाणीत 26 सप्टेंबर 1950 रोजी एका बेल्टवरून दुसऱ्यावर कोळसा पडतो त्या जागी फाटका बेल्ट च्युटमध्ये अडकला, घासून तापला आणि पेटला. जमिनीखाली 80 माणसं गेली, ज्वाळेपेक्षा धुरातल्या विषारी वायूने. त्यानंतर तिकडे सहजी न पेटणाऱ्या बेल्टचा आग्रह सुरू झाला. आपल्याकडे भूमिगत खाणींतल्या अशा बेल्टसाठी आयएस 3181 हे मानक आहे. पण बेल्ट कितीही चांगला आणला तरी त्याच्यावरचा आणि त्याच्याखालचा माल कोळसाच असतो.

कागद आपल्याकडे कमी नाहीत. 2017च्या कोळसा खाण विनियमांनी प्रत्येक खाणीला धोके ओळखून सुरक्षा व्यवस्थापन आराखडा करायला लावलं आहे. मी पाहिलेला आराखडा जाड होता, सुबक बांधलेला होता आणि इंग्रजीत होता. ज्याने रात्री दोन वाजता वास ओळखला, त्याला तो वाचता आला नसता. धोक्याच्या पाट्याही तशाच. मराठी-हिंदीत, मोठ्या अक्षरांत दोन ओळी रंगवायला किती खर्च येतो?

पुलकॉडचंही सांगायला हवं. बेल्टच्या कडेने जाणारी ही दोरी ओढली की बेल्ट थांबतो. ती वारंवार ट्रिप होते म्हणून तार बांधून बायपास केलेली मी पाहिली आहे, आणि खोटं कशाला बोलू, एकदा माझ्याच हाताने केली आहे. रेक उभा होता, वरून फोनवर फोन येत होते. घसरता बेल्ट ओळखून मोटर बंद करणाऱ्या स्विचचीही तीच गत होते. मग बेल्ट ओढणारा ड्रम जागेवर फिरत राहतो, बेल्ट हलत नाही आणि रबर भाजतं.

म्हणून माझी विनंती खदानीच्या साहेबांना नाही, आपल्या बातमीदाराला आहे. पुढच्या आगीच्या वेळी त्याने फाटकावरच्या माणसाकडून ‘अंदाज’ घेऊन परत येऊ नये. बेल्ट किती वाजता बंद केला, त्यानंतर टेलपर्यंत फेरी कोणी मारली, रजिस्टरात कुठला रोलर किती दिवस लिहिलेला होता, पुलकॉड चालू होती का आणि चुरी शेवटची कधी उचलली, हे पाच प्रश्न विचारावेत. उत्तर मिळालं नाही तर तसं छापावं.

पत्राखाली नाव छापू नये. मुलगा ठेक्यावर आहे, त्याच बेल्टवर.

आपला,
एक निवृत्त फिटर
ता. वणी, जि. यवतमाळ