माजी विद्यार्थ्यांच्या नोंदी

महोदय,

विद्यापीठांच्या वार्तापत्रांत माजी विद्यार्थ्यांच्या वाटचालीचे पान लोक आधी उघडतात, आणि चुकाही तिथेच जास्त सापडतात. नोंद प्रवेशाच्या वर्षाखाली लावायची की पदवीच्या, हे एकदा ठरवून टाकावे. नाहीतर एकाच वर्गातली माणसे दोन ठिकाणी विखुरतात. आडनाव बदलले असेल तर पदवी प्रमाणपत्रावरचे नावही छापावे, त्याशिवाय वर्गमित्रांना ओळख पटत नाही. ‘नुकतीच बढती मिळाली’ हे तर निरर्थक. अंक हाती पडेपर्यंत महिने उलटतात. ‘मार्च २०२४पासून विभागप्रमुख’ असे लिहावे. ठरलेले लग्न, सादर केलेला पण मंजूर न झालेला प्रबंध पुढच्या अंकासाठी थांबवावा.

निधनाची बातमी समाजमाध्यमावरून परस्पर उचलणे अक्षम्यच. घरच्यांचा दुजोरा हवा. बाळाच्या जन्माची बातमी मित्राने कळवली तर आईवडिलांची संमती घ्यावी आणि पूर्ण जन्मतारीख टाळून फक्त महिना-वर्ष द्यावे. आणि हो, पुरस्कार नसलेल्यांनीही नोंद पाठवावी असे वाटत असेल, तर अर्जात ‘निवृत्ती’, ‘व्यवसायबदल’, ‘स्थलांतर’ हे रकाने ठेवा. केवळ ‘यश’ असा रकाना पाहून निम्मे लोक कागद बाजूला सारतात.

– एक वाचक