वैलावरची काठी

डब्लिन, रविवार रात्र

प्रिय सुध्या,

तुझं पत्र येऊन तीन आठवडे झाले. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढे वाच.

तबला सुटला का, असं विचारलंयस. तबला माळ्यावर गेला, पण बोटं काही ऐकत नाहीत. परवा गुरुवारी त्यांनीच घात केला. इथे पबात सेशन असतं. कोपऱ्यातल्या टेबलाभोवती सात-आठ जण गोल करून बसतात, फिडल (म्हणजे व्हायोलिनच), बासरी, अ‍ॅकॉर्डियन घेऊन, आणि ऐकणाऱ्यांकडे खुशाल पाठ करतात. आपल्या गावी देवळात भजनाला बसायचे ना, तसंच. समोर कागद नाही, एक धून संपली की न थांबता दुसरी. मला ऐकू आल्या सहा मात्रा, तीन-तीन. मी टेबलावर दादरा धरला! दोन आवर्तनं झाली असतील, शेजारच्या आजींनी माझा हात उचलून माझ्याच मांडीवर ठेवला.

नंतर त्यांनीच समजावलं. मोजणं बरोबर होतं, वजन चुकत होतं. दादऱ्यात आपण रेलून बसतो, जिगमध्ये, म्हणजे या सहा मात्रांच्या आयरिश धुनेत, पाय उचलायचा असतो, नाचाचीच चीज ती. पोरांना शिकवताना इथे ‘रॅशर्स अँड सॉसेजेस’ म्हणायला लावतात, म्हणजे डुकराच्या मांसाचे काप आणि सॉसेज. सहा अक्षरं, झाला ठेका. तू शाकाहारी, तुला ‘बटाटा बटाटा’ चालेल. देशही त्याचाच आहे.

ती धून होती ‘मॉरिसन्स जिग’. घरी येऊन पेटीवर काढली तर काय, काफी थाट! गंधार-निषाद कोमल, बाकी शुद्ध. उठावच सा वरून थेट प वर, मध्ये काही नाही. दुसऱ्या भागात तर ती तार षड्जाला लोंबकळते: प सां सां, रें सां सां, मं सां सां, रें सां सां. वाजवून बघ. राग म्हणून शोधायला जाऊ नकोस, तसं काही नाही तिथे, पण त्या सां वर परत परत आपटण्यात एक हट्ट आहे, तो मला फार आवडला.

आता हा मॉरिसन कोण? जेम्स मॉरिसन, जन्म १८९३, आयर्लंडच्या वायव्येकडच्या स्लायगो परगण्यातला. १९१५ साली अमेरिकेला गेला, पुढे न्यूयॉर्कला स्थिरावला. फिडल वाजवायचा आणि शिकवायचाही, म्हणून लोक ‘प्रोफेसर’ म्हणत. त्याच मुलखातला, त्याच्याहून दोन वर्षांनी मोठा मायकेल कोलमन, तोही न्यूयॉर्कलाच. या दोघांच्या तबकड्या अमेरिकेत निघाल्या आणि परदेशी गेलेल्यांनी त्या गावी धाडल्या. मग गावोगावची पोरं ग्रामोफोनला कान लावून स्लायगोच्या वळणाने फिडल वाजवू लागली. ज्या गावांचं स्वतःचं निराळं वळण होतं, तिथलीसुद्धा! घराण्यांची भांडणं आपल्याला माहीत, पण एक घराणं समुद्रापलीकडून टपालाने यावं, हे नवल.

तबकड्यांची सुरुवातही मजेशीर. एलेन ओबर्न डिविट नावाच्या बाईंचं न्यूयॉर्कला दुकान होतं. गिऱ्हाईक आयरिश संगीत मागतं, माल नाही. १९१६ मध्ये त्यांनी कोलंबिया कंपनीला गळ घातली, आणि पाचशे तबकड्या स्वतः उचलायची हमी दिली. अ‍ॅकॉर्डियन-बँजोची ती तबकडी हातोहात गेली, आणि कंपन्यांचे डोळे उघडले.

पण मला सांगायचंय ते नावाबद्दल. ही जिग मॉरिसनने रचलेली नाही, त्याच्या गावचीही नाही. त्याला ती दिली टॉम कारमोडीने, पार दक्षिणेकडच्या केरी परगण्यातल्या अ‍ॅकॉर्डियनवाल्याने. टॉमकडे आली वडिलांकडून, मॉरिस कारमोडींकडून. घरी तिचं नाव होतं ‘द स्टिक अक्रॉस द हॉब’. हॉब म्हणजे विस्तवाशेजारची ती जागा, जिथे किटली ऊन राहते. अरे, म्हणजे आपला वैल! वैलावर आडवी ठेवलेली काठी. ती कशाला ठेवली होती कोण जाणे, पण मला आजीच्या चुलीवरचं दुधाचं पातेलंच आठवलं.

१९३६ साली मॉरिसन आणि टॉमने मिळून ती ध्वनिमुद्रित केली. तबकडीवर नाव छापलं ‘मॉरिस कारमोडीज फेव्हरिट’. म्हणजे मॉरिसनने चोरी केली नाही, म्हाताऱ्याचं नाव कागदावर सरळ घातलं होतं. लोकांनी ते वाचलं आणि सोडून दिलं. कानात फिडल राहिली, म्हणून जिग फिडलवाल्याची झाली. बाजूला बसून वाजवणारा टॉम, ज्याच्या घरातून ती आली, तो नावातून गेला, त्याचा बाप गेला, वैलही गेला.

आपल्याकडे ख्याल रचणारा सदारंग बंदिशीतच आपलं नाव ओवून ठेवतो. कुणीही गावो, कुठल्याही घराण्यात जावो, अंतऱ्यात तो भेटतोच. जिगला शब्दच नाहीत, नावाची मुद्रा घालायची कुठे? मला आधी वाटलं, हे अन्यायाचं झालं. आजींना तसं म्हणालो. त्या हसल्या आणि म्हणाल्या, नावावरून आमच्यात कुणी भांडत नाही, अर्ध्या धुनांची आम्हाला नावं आठवतही नाहीत, सुरुवात वाजवली की कळतं. मी गप्प बसलो, पटलं मात्र नाही. तुला पटतं का लिही.

तुझ्या आजोबांच्या ट्रंकेतल्या तबकड्या अजून आहेत ना? तीन-तीन मिनिटांत अख्खा राग बसवलेल्या? त्यांच्यावरची नावं नीट वाचून ठेव, विशेषतः साथीला कोण आहे ते, छापलं असेल तर. मी १९३६ची ती धून वेगळी पाठवतोय. आधी अ‍ॅकॉर्डियन ऐक, फिडल मागाहून.

आता उठतो, सकाळी सातची बस आहे. काकूंना नमस्कार सांग, आणि पेटीचा भाता शिवून घेतलास का ते कळव.

तुझा,
बाळ्या