बेळगावच्या नोकरीबद्दल आणि बाबांच्या पोटावरच्या गाठीबद्दल

बेंगळूर

ती. बाबा आणि ती. आईस,
शिरसाष्टांग नमस्कार.

हे सगळं फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर आई मध्येच रडायला लागते, दादा घरी आलेला असला की बाबा 'बरं, बरं' म्हणून फोन त्याच्याकडे देतात आणि माझं अर्धं बोलणं राहून जातं. म्हणून लिहितेय. चष्मा लावून सावकाश वाचा.

बेळगावच्या कॉलेजला मी नाही म्हणून कळवलंय. तुम्हाला विचारून मग कळवावं असं आधी मनात होतं. पण विचारलं असतं तर बाबा 'तुझं तू बघ' म्हणाले असते, आणि ते म्हणताना बाबांचा आवाज कसा होतो ते मला ठाऊक आहे. त्या आवाजापुढे माझ्याच्याने नाही म्हणवलं नसतं. आणखी तीन वर्षं मी इथेच राहणार. प्रयोगशाळा तीच, सर तेच, फक्त आता विद्यार्थिनी म्हणून नाही, पीएचडी झालेली संशोधक म्हणून. फेलोशिप दर महिन्याला येते, त्यातून घरी पाठवते ते पाठवत राहीन.

पर्मनंट नोकरीची किंमत मला कळत नाही असं समजू नका. कौलांचा कारखाना बंद झाला तेव्हा मी सातवीत होते. आईच्या पाटल्या कुठे गेल्या आणि कशासाठी गेल्या तेही मला त्याच वर्षी कळलं होतं. तुम्ही कुणी बोलला नाहीत म्हणून मीही बोलले नाही. बेळगावला संशोधन होत नाही म्हणून सोडलं असंही नाही. नेहरूनगरला आयसीएमआरची, म्हणजे सरकारी वैद्यकीय संशोधन परिषदेची, पारंपरिक औषधांवरची संस्था आहे, तिथे चांगलं काम चालतं. शिकवायलाही मला आवडतं. पण त्या कॉलेजात दिवसभर तास, मग जर्नलं, मग पेपर तपासणं. माझ्या कामाला लागणारी यंत्रं तिथे नाहीत, आणि हे काम दोन-तीन वर्षं बाजूला ठेवून पुन्हा हातात धरता येत नाही. बाबा, भट्टी पेटवून दोन दिवस झाल्यावर 'उद्या बघू' म्हणून तुम्ही कधी घरी आला नाहीत. पावसात भिजत रात्रभर भोकातून जाळ बघत बसायचात. आत्ता माझी भट्टी तशी मधल्या टप्प्यावर आहे. एवढं एक तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

गणपतीत बाबांनी विचारलं होतं, "काय करूलालीस गं तितं नेमकं?" मी 'प्रोटीनवर काम करते' म्हटलं आणि तेवढ्यात पाहुणे आले. आता नीट सांगते, कारण ते तुमच्याशीच संबंधित आहे.

बाबा, तुमचं इन्सुलिन हे एक प्रथिन. त्यात ५१ अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या माळेतले मणी, असतात, दोन साखळ्यांत: एकीत २१, दुसरीत ३०. हा सगळा क्रम केंब्रिजच्या फ्रेडरिक सँगर यांनी शोधून काढला, त्यासाठी १९५८ साली त्यांना नोबेल मिळालं. पण नुसती साखळी असून भागत नाही. तिची ठरलेली घडी बसावी लागते, तेव्हाच इन्सुलिन काम करतं. घडी मोडली की रेणू एकमेकांना चिकटत जातात आणि त्यांचे बारीक, लांब धागे तयार होतात. त्या धाग्यांना अमायलॉइड म्हणतात. अल्झायमरमध्ये मेंदूत असेच धागे साचतात, प्रथिन वेगळं एवढंच. नंदगडच्या आजोबांचं शेवटचं वर्ष आठवलं की मला हे काम सोडवत नाही.

इथे आम्ही इन्सुलिनचे असे धागे मुद्दाम तयार करतो. इन्सुलिन आम्लात विरघळवायचं, साठ अंशांच्या आसपास तापवायचं आणि वाट बघायची. तळहातावर मावेल एवढी प्लास्टिकची प्लेट असते, तिला ९६ खळगे. प्रत्येकात थेंब-दोन थेंब द्रावण आणि त्यात थायोफ्लेविन टी नावाचा पिवळा रंग. हा रंग एरवी फारसा चमकत नाही, पण धागे झाले की त्यांना धरून बसतो आणि निळसर हिरवा चमकतो. ती चमक यंत्र दर थोड्या मिनिटांनी मोजतं. पडद्यावर रेघ बराच वेळ सपाट जाते, काहीच होत नाही असं वाटतं, आणि मग एकदम वर चढते. त्या सपाट वेळात आत काय जुळत असतं ते शोधायचं, हे माझं काम. एक गोष्ट मात्र पक्की माहीत आहे: आधी तयार झालेल्या धाग्याचा कण ताज्या इन्सुलिनमध्ये टाकला तर तो सपाट वेळ जवळजवळ उरतच नाही. नवे धागे लगेच व्हायला लागतात.

आता मुद्द्याचं. गणपतीत बाबा माजघरात बनियन वर करून सुई घेत होते तेव्हा मी बघितलं. बेंबीच्या डाव्या अंगाला गाठ आहे, बोटाला टणक लागते. तिथेच का घेता म्हटलं तर म्हणालात, तिथे दुखत नाही. आत्या समोर बसली होती, आरतीची वेळ झाली होती, म्हणून मी पुढे बोलले नाही.

आधीच सांगते, घाबरण्यासारखं काही नाही. रोज एकाच जागी इन्सुलिन टोचलं की अशा गाठी खूप जणांना होतात. बहुतेक वेळा ती वाढलेली चरबी असते. क्वचित मात्र त्या गाठीत इन्सुलिनचेच धागे साचलेले असतात, मी इथे प्लेटमध्ये करते तसलेच. तुमची कुठली ते मी इथून सांगू शकत नाही, डॉक्टर हाताने बघतील आणि लागलं तर सोनोग्राफी करतील. पण दोन्ही प्रकारांत एक गोष्ट सारखी असते: गाठीत टोचलेलं इन्सुलिन रक्तात नीट पोचत नाही. एक दिवस पोचतं, एक दिवस अडकतं. वर्षभर डोस वाढत गेला तरी तुमची साखर खाली का येत नव्हती, त्याचं कारण कदाचित हेच असेल. आई, तुझ्या स्वयंपाकाचा त्यात दोष नाही. तू उगाच स्वतःला बोल लावून घेत होतीस.

म्हणून बाबा, डॉक्टरांना दाखवलं की मग हे करायचं. गाठीत सुई नाही. पण नवी जागा स्वतःच्या मनाने सुरू करायची नाही, आधी डॉक्टरांना सांगायचं. चांगल्या जागी तेवढाच डोस घेतला तर तो पूर्ण लागू पडतो आणि साखर एकदम खाली जाऊ शकते. किती युनिट कमी करायची ते डॉक्टरच ठरवतील, मीही नाही आणि मेडिकलवालाही नाही. त्यानंतर पोटाची डावी बाजू, उजवी बाजू, मांड्या असं फिरवत राहायचं, आणि दर वेळी आधीच्या जागेपासून दोन बोटं लांब. सुई रोज नवी. तीच सुई आठवडाभर वापरून तुम्ही पैसे वाचवता हे मला दादाने सांगितलंय. सुयांचे पैसे मी वेगळे पाठवेन, त्यात काटकसर करू नका ना बाबा.

इन्सुलिनचं पेन जोरात हलवायचं नाही. हलवण्यानेही इन्सुलिनची घडी मोडते, हे आम्ही इथे रोज बघतो. तुमचं दुधासारखं दिसणारं इन्सुलिन आहे, ते दोन्ही तळहातांत हळूहळू दहा वेळा फिरवायचं, मग वरखाली करायचं. तरीही आत गोळे दिसले किंवा काचेला पांढरं चिकटून राहिलं तर ते टाकून द्यायचं. आई, हे तू बघ, बाबांना बारीक दिसत नाही.

नवी पेनं फ्रिजमध्ये, पण बर्फाच्या कप्प्याला लागून नकोत. २ ते ८ अंश हवेत, गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पुन्हा वापरायचं नाही. चालू पेन बाहेर ठेवलेलं चालतं, साधारण चार आठवडे; खोक्यावर लिहिलंय ते दादाकडून वाचून घ्या आणि उघडल्याची तारीख पट्टीवर लिहून पेनाला चिकटवा. पावसात करंट दोन-दोन दिवस जातो तेव्हा हवा गारच असते, काळजी नाही. एप्रिल-मेमध्ये मात्र मोठ्या मडक्यात लहान मडकं ठेवून मधे ओली वाळू भरा, पेनं कोरड्या पिशवीत घालून आतल्या मडक्यात ठेवा आणि वर ओलं फडकं टाका. खानापूरच्या मातीचं मडकं कसं पाझरतं ते मी बाबांना काय सांगणार.

आई, तू माळकरी, म्हणून मागे एकदा हळूच विचारलं होतंस की हे औषध कुठल्या जनावराचं असतं. पूर्वी ते गाई-डुकरांच्या स्वादुपिंडातून काढत, ते खरं आहे. १९२२ साली टोरांटोत चौदा वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा दिलं तेही तसलंच. पण १९७८ साली माणसाच्या इन्सुलिनचं जनुक जिवाणूत घालून त्याच्याकडून इन्सुलिन बनवून घेतलं, आणि १९८२ मध्ये ते औषध म्हणून मंजूर झालं. बाबांचं पेन याच मार्गाचं, जिवाणूंकडून नाही तर यीस्टकडून करून घेतलेलं. त्यात गाय-डुक्कर नाही. निश्चिंत मनाने देवाजवळ ठेव आणि मगच दे, जशी देतेस तशी.

आणि बेंगळूरच का, याचंही एक उत्तर आहे. इन्सुलिनच्या रेणूचा आकार डोरोथी हॉजकिन यांनी ऑक्सफर्डला १९६९ साली उलगडला. त्यांच्या हाताखाली या कामात एम. विजयन नावाचे आपल्याकडचे शास्त्रज्ञ होते. ते तिथून परत आले आणि इथे बेंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी स्फटिकांवरून प्रथिनांचा आकार शोधायचं काम उभं केलं. हे शास्त्र इथे मुरलेलं आहे. कुठे अडलं की विचारायला माणसं आहेत.

माझी काळजी करू नका. खोली आता एकटीची आहे, खिडकी पूर्वेला, गरम पाणी सकाळी साडेसातपर्यंत येतं. आईची गोधडी अजून चांगली आहे, दुसरी शिवायला बसू नकोस, डोळ्यांना त्रास होतो. मेसमध्ये सांबार-भात खाऊन कंटाळा आला की उत्तर कर्नाटकाकडच्या खानावळीत जाते, तिथे कडक ज्वारीची भाकरी, एणगाई म्हणजे भरली वांगी आणि शेंगदाण्याची चटणी मिळते. वाढणारी बाई बैलहोंगलची आहे, मी बेळगावकडची म्हटल्यावर लोणी जास्त घालते. प्रयोगशाळेत हातमोजे असतात, चष्मा असतो, वासाचं काही असलं तर काचेच्या धुराड्याखालीच करतो. आम्लाने हात जळेल ही भीती मनातून काढून टाक, आई. रात्री उशीर झाला तर आवारातच असते, बाहेर जात नाही. स्थळाचं आत्याशी मी बोलून घेईन, तुम्ही मध्ये पडू नका.

परवा रात्री यंत्राजवळ बसले होते तेव्हा बाबांनी मला खांद्यावर घेऊन भट्टीचं भोक दाखवलं होतं ते आठवलं. 'लाल नको, नारिंगी होऊ दे' म्हणाला होतात. घरी आल्यावर आईने माझा ओला युनिफॉर्म चुलीच्या वरच्या दोरीवर टाकला होता आणि सकाळी त्याला धुराचा वास येत होता. त्या दोघांजवळ आत्ता मी नाही याचं वाईट वाटतं, रोज वाटतं. दादा गोव्यात, मी इथे, आणि तुम्ही दोघंच एवढ्या मोठ्या घरात. पण रात्री गाडीत बसलं की सकाळी बेळगाव. काही झालं तर मी दुसऱ्या दिवशी दारात असेन, हे नुसतं म्हणायचं म्हणून म्हणत नाही.

बाबा, एकादशीला इन्सुलिन घेऊन उपाशी राहायचं नाही. आषाढीला काय झालं ते आईने मला सांगितलंय. उपास करायचाच तर त्या दिवसाचं डॉक्टरांना आधी विचारा, आणि खिशात गूळ ठेवाच. साखर उतरून घाम सुटला, हात कापायला लागले की देवळात असलात तरी आधी गूळ खायचा. तपासणीच्या आधी दोन दिवस भात सोडून डॉक्टरांना खूश करता, त्याने काही साधत नाही. रक्तातल्या तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस जगतात, तेवढे दिवस साखर त्यांना चिकटत जाते, आणि ती तीन महिन्यांची तपासणी तेच मोजते. रोज रात्री पाय बघायचे, बोटांच्या बेचक्यांतसुद्धा. आजीचं आपण सगळ्यांनी बघितलंय.

दसऱ्याला येते. स्टेशनवर कुणी येऊ नका, मी बसने खानापूरला येईन. येताना कुंदा आणणार नाही.

तुमची,
माऊ

ता. क. दादाने बुधवारी सकाळचा नंबर लावलाय, तो आदल्या रात्री घरी येईल. जाताना चालू पेन, सुया आणि साखर लिहिलेली वही घेऊन जा, आणि गाठ कुठे आहे ते डॉक्टरांनी विचारायच्या आधी दाखवा. त्यांनी दिलेला कागद कन्नडमध्ये असला तर फोटो काढून मला पाठवा, मी मराठीत लिहून देते. त्या दिवशी फोन दादाकडे देऊ नका, बाबांनीच बोलायचं.