एसीत गॅस भरण्याआधी रीसेट करून पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गाडीची बॅटरी बदलली, किंवा उतरलेल्या बॅटरीवर जंप स्टार्ट दिला, आणि दुसऱ्या दिवसापासून एसी गार करेनासा झाला, ही तक्रार ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या, म्हणजे ठरवलेले तापमान आपोआप राखणाऱ्या एसीच्या गाड्यांत नेहमीची आहे. अनेक ठिकाणी त्यावर सरळ गॅस भरून दिला जातो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला! बहुतेक वेळा तिथे गॅसचा काहीच दोष नसतो, म्हणून हे पत्र.

या यंत्रणेत गार आणि गरम हवेचे प्रमाण डॅशबोर्डच्या आतला एक फ्लॅप ठरवतो. तो फिरवणारी छोटी मोटर म्हणजे ॲक्च्युएटर. फ्लॅपची दोन टोके कुठे आहेत, हे कंट्रोल युनिट लक्षात ठेवते. वीज मध्येच तुटली की ही नोंद पुसली जाते किंवा चुकते. मग पडद्यावर २२ अंश दिसतात, पण फ्लॅप हीटरच्या बाजूला अर्धवट उघडा राहतो आणि कोमट हवा येते.

आधी दोष कुठे आहे ते पाहावे. इंजिन आणि एसी चालू ठेवून तापमान 'लो'वर न्या, पाचेक मिनिटे थांबा आणि बॉनेट उघडून एसीच्या दोन ॲल्युमिनियम पाइपांपैकी जाड पाइपाला हात लावा. पंखा आणि पट्ट्यापासून हात आणि ओढणी लांब ठेवा. हा पाइप चांगला गार लागतोय, दमट हवेत त्याला घामही फुटलाय, पण आत कोमट हवा येते आहे, तर गॅस आणि कॉम्प्रेसर ठीक आहेत, संशय फ्लॅपवर घ्यावा. पाइपच गार नसेल तर रीसेटने, म्हणजे युनिटला फ्लॅपची टोके नव्याने मोजायला लावून, सहसा काही साधत नाही.

रीसेटची सोपी रीत फ्यूजची. इग्निशन बंद करून फ्यूजपेटीच्या झाकणावरचा तक्ता पाहा आणि क्लायमेट कंट्रोल युनिटचा फ्यूज काढा. ब्लोअरचा, म्हणजे आत हवा फेकणाऱ्या पंख्याचा, मोठा फ्यूज काढून उपयोग नाही. युनिटला कायम वीज देणारा, म्हणजे किल्ली काढल्यावरही चालू राहणारा फ्यूज हवा. मिनिटभराने तोच फ्यूज परत बसवा. इंजिन सुरू न करता इग्निशन 'ऑन' करा. पुश बटणाच्या गाडीत बहुधा ब्रेक न दाबता बटण दोनदा दाबावे लागते. त्यानंतर पूर्ण एक मिनिट पॅनेलला हात लावू नका. डॅशबोर्डमागून बारीक घर्रघर्र येईल, तेव्हा फ्लॅप या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरून आपली जागा मोजत असतात. रीसेट फसतो तो इथेच. लोक घाईने तापमानाचे बटण फिरवतात आणि मोजणी अर्धवट राहते. आवाज थांबल्यावर इंजिन सुरू करून 'ऑटो' दाबा, तापमान आधी 'लो', मग 'हाय' करा आणि हवेत फरक पडतो का ते हाताने पाहा.

फ्यूज सापडला नाही तर बॅटरीची निगेटिव्ह तार काढता येते. बहुतेक गाड्यांत १० मिमीचा पाना लागतो. इग्निशन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून तार काढा, फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटे बाजूला ठेवा, मग परत जोडून इग्निशन 'ऑन' करण्यापासून पुढचे सगळे वरच्यासारखेच करा. याने घड्याळ आणि रेडिओच्या सेटिंग जातात, काही गाड्यांत काचांचे 'ऑटो अप'ही नव्याने शिकवावे लागते. हायब्रीड आणि इलेक्ट्रिक गाड्यांतल्या नारिंगी तारांना आणि एअरबॅगच्या पिवळ्या कनेक्टरना घरी मुळीच हात लावू नये.

टोयोटाच्या बटणांचे पॅनेल असलेल्या बऱ्याच गाड्यांत आणखी एक सोय आहे. 'ऑटो' आणि रीसर्क्युलेशनचे (आतलीच हवा फिरवण्याचे) बटण एकत्र दाबून धरत इग्निशन 'ऑन' केले की आधी सगळे दिवे लुकलुकतात, मग दोष कुठे आहे ते सांगणारे आकडे येतात. ०० म्हणजे दोष नाही, ११ केबिनचा सेन्सर, १२ बाहेरच्या तापमानाचा, १३ कूलिंग कॉइलचा, २१ उन्हाचा. बंद गॅरेजमध्ये तपासले तर केवळ अंधारामुळे २१ येऊ शकतो. गाडी उन्हात आणून पुन्हा पाहा, लगेच सेन्सर बदलू नका.

हा उन्हाचा सेन्सर काचेजवळ डॅशबोर्डवर काळ्या टिकलीएवढा असतो. त्यावर बाप्पाची मूर्ती, परफ्यूमची बाटली किंवा गालिचा आला की युनिटला ऊन कळतच नाही आणि भर दुपारी ब्लोअर मंद राहतो. मूर्ती चार बोटे सरकवली तरी काम होते. केबिनचा सेन्सर स्टिअरिंगजवळच्या छोट्या जाळीमागे असतो, तिथली धूळ मऊ ब्रशने काढावी. पुढच्या बंपरचे काम झाल्यावर बाहेरचे तापमान उणे ४० किंवा नुसत्या रेघा दिसत असतील, तर बंपरमागच्या सेन्सरचे कनेक्टर लावायचे राहिले आहे का, ते आधी पाहा. बाहेर कडाक्याची थंडी आहे असे समजून युनिट कॉम्प्रेसर चालूच करत नाही.

रीसेटनंतर डॅशबोर्डमागून टक-टक आवाज येत राहिला, तर बहुधा ॲक्च्युएटरचा प्लास्टिक दाता तुटला आहे. पुन्हा पुन्हा रीसेट करू नका, उरलेले दातेही जातील. असा ॲक्च्युएटर बदलावाच लागतो.

आणि गॅस खरोखर कमी असेल, तर तो कुठून तरी गळतो आहे. पेट्रोलसारखा तो संपत नाही. गळती न शोधता भरलेला गॅस पुन्हा जातो. गॅसचा प्रकार आणि ग्रॅममधले वजन बॉनेटखालच्या स्टिकरवर छापलेले असते. आधी किती ग्रॅम निघाला, नंतर किती भरला आणि गळती कुठे सापडली, या तीन गोष्टी गॅरेजांनी बिलावर लिहाव्यात आणि ग्राहकांनी त्या मागून घ्याव्यात.

आपले,
वाहनांच्या एसीचे काम करणारे काही तंत्रज्ञ, नाशिक